हवा खाणारी माणसं

मॉल मरायला लागला की आधी त्याचा वास जातो. नव्या कपड्यांचा, पॉपकॉर्नचा, दारातून आत येताच नाकात शिरणाऱ्या त्या गोडसर अत्तराचा. मग सरकते जिने थांबतात. मग वरच्या मजल्यावरचे दिवे विझतात आणि तिथं कबुतरं राहायला येतात. आमच्या लोहारडोह शहरातला मेघमल्हार मॉल असा तीन वर्षं मरत होता, आणि मी, उज्ज्वला निमगडे, त्याच्या दाराशी उभी राहून ते बघत होते.

घरबसल्या फोनसमोर उभं राहिलं की मापं घेतली जात. सकाळी मागवलेला सदरा दुपारी दारात. आवडला नाही तर खोक्यात परत. मग मॉलमध्ये कोण कशाला मरायला येईल? यायचे ते फक्त हवा खाणारे.

हा शब्द आम्हा दुकानातल्या पोरींचा. घेणारं माणूस आणि हवा खाणारं माणूस, आम्हाला दोनच जाती माहीत होत्या. मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस अंश असायचे. वस्तीतली माणसं दुपारी यायची, बाकावर टेकायची, एका थंड्याच्या बाटलीवर चौघं तीन तास काढायची. गार्ड त्यांना उठवायचा. कुणाला उठवायचं ते मी सांगायचे.

माझी नजर मॉलभर प्रसिद्ध होती. माणूस आत आलं की चौथ्या पावलाला मी ओळखायचे. घेणारं माणूस आधी मालाकडे बघतं. हवा खाणारं आधी वर बघतं, छतातून गार झोत येतो तिकडे, आणि क्षणभर डोळे मिटतं. घेणारं कपडा तळहातात धरतं. हवा खाणारं बोटांच्या मागच्या बाजूनं लावून बघतं, आपल्या हातानं मळेल म्हणून. चकचकीत फरशीवर पाय ठेवायच्या आधी तळवा पोटरीला पुसतं. चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला असेल तर तो पाय मागं ठेवून उभं राहतं.

मला हे सगळं कळायचं, कारण मी त्यांच्यातलीच. ह्या खुणा मी स्वतःच्या अंगावरून एकेक करून पुसल्या होत्या.

माझी मोठी बहीण नलू. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, ती बावीसची. तिला मी बाई म्हणायचे. चार घरची भांडी घासून तिनं मला बारावी केलं. मॉल नवा उघडला, मला कपड्यांच्या विभागात नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती दुपारी डबा घेऊन आली. गार्डनं अडवलं. माझा साहेब शेजारी उभा होता. "कोण आहेत या?" त्यानं विचारलं.

"ओळखीच्या आहेत," मी म्हटलं.

बाईनं ऐकलं. डबा माझ्या हातात दिला आणि गेली. त्यानंतर पंचवीस वर्षं तिनं मॉलची पायरी चढली नाही. घरी जेवायला वाढायची, हसायची, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात आणि तो गेल्यावर सहा महिने माझ्याकडे राहिली. पण मॉलचा विषय निघाला की उठून भांडी आवरायला घ्यायची.

२०४१ साली समीर डोर्लीकर मॉलचा मॅनेजर म्हणून आला. पस्तिशीचा, पुण्यात शिकलेला इंजिनिअर, मूळचा आमच्याच शहरातला. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

"ताई," तो म्हणाला, "तीनशे दुकानांतली एकोणीस उरलीत. सेल्सचे लोक आहेत अकरा. ते चुकीच्या माणसामागे धावतात आणि घेणारा तसाच निघून जातो. तुमची नजर मला मशीनमध्ये हवी आहे."

त्यानं मला एक चष्मा दिला, त्यात कॅमेरा. अंगठ्यात एक बटणाची अंगठी. माणूस आत आलं, घेणारं वाटलं तर एकदा दाबायचं, हवा खाणारं वाटलं तर दोनदा. का वाटलं ते सांगायचं नाही. तीन महिने मी दाबत राहिले. तीस हजारांवर माणसं झाली.

असं मशीन कसं शिकतं ते डोर्लीकरनं समजावलं होतं, आणि त्यात अवघड काही नाही. मशीनला गरिबी कळत नाही, खरेदी कळत नाही. त्याला फक्त जुळणी कळते. अशी मान, अशी चाल, हाताचा असा आखडलेपणा दिसला तेव्हा ताईनं दोनदा दाबलं होतं. तीस हजार वेळा हे दाखवलं की न दाखवलेल्या माणसालाही ते जुळवून बघतं. नेमकं कशावरून ठरवलं, हे कुणालाच काढून दाखवता येत नाही. बनवणाऱ्यालाही नाही. मी काढून दाखवू शकले असते, पण मला कुणी विचारलं नाही.

मला बक्षीस मिळालं, नोकरी कायम झाली. मॉल मात्र तरीही मरतच होता. त्याला वाचवलं ते खारानं.

गाड्या घेऊन येणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे तळघरातलं दोन मजली पार्किंग रिकामं होतं. डोर्लीकरनं तिथं टाक्या बसवल्या आणि त्यांत एक खार भरला, मिठासारखं एक रसायन. हा खार तेरा अंशांवर गोठतो. रात्री वीज शिल्लक पडून असते, तेव्हा तो गोठवून ठेवायचा. दुपारी त्याच्यावरून पाणी फिरवायचं आणि त्या पाण्याच्या नळ्यांवरून हवा. माठात बर्फाचा खडा टाकला की तो पूर्ण विरघळेपर्यंत पाणी तापत नाही, तसंच हे. खार वितळून संपेपर्यंत मॉल गार. हवा इतकी गार होते की तिच्यातला दमटपणाही पाणी होऊन नळीतून गळून जातो.

आणि दुपारीच तर वीज नसायची. आमच्या शहराच्या कडेला औष्णिक केंद्र आहे, तिथं कोळसा जाळून अर्ध्या मुलखाचे पंखे फिरतात. पण ते केंद्र थंड ठेवायला नदीचं पाणी लागतं, आणि मे-जूनमध्ये नदी आटते, उरते ती कोमट. मग संच बंद करावे लागतात, दुपारी बारा ते सहा, रोज. केंद्राच्या धुराड्यांच्या पायथ्याशी राहणारी माणसं पंख्यावाचून उकडायची. शहरात गार राहणारी एकच इमारत उरली, मेघमल्हार; तिथं पंप आणि पंख्यांपुरती वीज जनरेटरवर निघायची.

सरकारनं उष्मा-आश्रय योजना काढली. लाल इशाऱ्याच्या दिवशी मॉल सगळ्यांना खुला, विजेच्या खर्चाचा अर्धा भार सरकारचा. पहिल्या उन्हाळ्यात मी दारात उभी राहून ज्यांना पंचवीस वर्षं उठवलं त्यांनाच 'या, बसा' म्हटलं. म्हाताऱ्या सरकत्या जिन्याला हात जोडून मग पाय ठेवायच्या. बाया खाली चादरी अंथरून डाळ निवडायच्या. माझ्या मनातलं काहीतरी त्या उन्हाळ्यात थोडं हलकं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

पण बसलेलं माणूस म्हणजे शंभर वॅटचा जुना दिवा. तो विझवता येत नाही. शंभर माणसं म्हणजे शंभर दिवे सहाही तास पेटलेले, वर त्यांचा घाम. हिशोब केला तर खार दुपारी बारापासून सहापर्यंत पुरायचा तो अठराशे माणसांना. अडीच हजार घेतली तर चारलाच सगळा वितळणार, आणि मग ती काचेची पेटी आतल्या माणसांसकट तापणार. त्यामुळे मोजून घेणं आलं. इथपर्यंत कुणाचीच चूक नव्हती.

दुसऱ्या वर्षी दुकानं परत आली. सहा तास हलू न शकणारं गिऱ्हाईक कुठल्या दुकानदाराला नको असतं? फक्त त्यांना गिऱ्हाईक हवं होतं, डाळ निवडणाऱ्या बाया नको होत्या. दुकानदार डोर्लीकरच्या खोलीत बसले. पंधरा दिवसांनी दाराला तीन फाटकं लागली आणि वर एक कॅमेरा. आम्ही त्याला चाळण म्हणायचो. हिरवा दिवा लागला तर आत. नारिंगी लागला तर पडद्यावर अक्षरं यायची : 'आपल्यासाठी जवळचा आश्रय : जुनी मुलींची शाळा, दीड किलोमीटर.' आणि बाण.

मी डोर्लीकरकडे गेले. "साहेब, ही माझीच नजर बसवलीत ना दारावर?"

"ताई, ती आधीपासून होती. फक्त जागा बदलली."

"म्हाताऱ्या, आजारी, पोटुश्या आधी, असं योजनेत लिहिलंय."

"लिहिलंय. त्यांना वेगळे गुण मिळतात. पण दुकानांनी भाडं दिलं नाही तर उरलेला अर्धा भार कोण देणार? टाक्या बंद पडल्या तर अठराशेही नाहीत. शून्य. मला शून्य आणि अठराशे यांतून निवडायचं आहे." त्यानं डोळे चोळले. "आणि आपण कुणाला नाही म्हणत नाही. शाळेत दहा मोठे कूलर आहेत, छतावरच्या सोलरवर चालतात."

कूलर म्हटल्यावर मीही मान डोलावली. आमच्याकडच्या माणसाला कूलर म्हटलं की पुढं विचारावंसं वाटत नाही. आमचा जन्म त्याच्या घरघरीत होतो, लग्नं त्याच्यासमोर लागतात, मयताच्या घरी लोक बसायला येतात तेव्हाही आधी कूलर लावतात.

डोर्लीकरनं मला एक किल्ली दिली. आठवड्यातून तीनदा ती फिरवून नारिंगीचं हिरवं करता येई. मोठेपणा मिळाल्यासारखं मी ती गळ्यात घातली.

२०४३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला आणि समुद्राकडून नुसतीच ओल आली. मेमधली आमची आग कोरडी असते, तिची सवय आहे. हे वेगळं होतं. डोर्लीकरनं सगळ्या कामगारांना बोलावून सांगितलं होतं : तापमापीच्या पाऱ्याला ओलं फडकं गुंडाळा. कोरड्या हवेत फडक्यातलं पाणी उडतं आणि पारा उतरतो. आपलं शरीरही असंच घाम उडवून गार होतं. हवाच ओली असेल तर पाणी उडत नाही, पारा उतरत नाही. ह्या ओल्या पाऱ्यानं बत्तीस गाठलं की सावलीत बसलेलं म्हातारं माणूसही आतून शिजायला लागतं. पस्तीसला धडधाकट पोरगासुद्धा.

त्या दिवशी सकाळीच ओला पारा एकतिसावर होता. मी बाईच्या खोलीवर गेले. पत्र्याची खोली, दाराला गोणपाट. ती त्रेसष्ट वर्षांची, अजून दोन घरी भांडी घासायला जात होती.

"चल माझ्यासोबत."

"कुठी?"

"मॉलमध्ये. सहा वाजेपर्यंत बसायचं आणि परत यायचं."

"मी नाई येत. तुह्या मॉलमध्ये माह्यासारख्याचं काय काम?"

"बाई, आता सगळ्यांना घेतात."

"घेऊ दे सगळ्यांले. मले काय धाड भरली? एवढी वर्सं कोन थंडी करून देऊन रायलं होतं मले?"

"हा उन्हाळा तसला नाही गं."

"उन्हाळा तसाच हाय. तू म्हातारी होऊन रायली." ती हसली आणि हसता हसता दम लागून ओट्याला टेकली. तिच्या कपाळावर घाम नुसता उभा होता, ओघळत नव्हता, वाळत नव्हता.

मी तिच्या पायाशी बसले. "त्या दिवशी मी चुकले, बाई. डब्याच्या दिवशी."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "पंचवीस वर्सं लागली तुले हे सांगाले. अभ्यासात तं लय हुशार होती वो तू."

"येशील?"

"येतो. पन तुह्या वशिल्यानं नाई. चार लोकं जशे रांगेत उभे रायतात, तशी येईन. तू दारात उभी राह्य आन् मले आत येतानी पाह्य."

तेवढंच मागितलं तिनं.

अकरा वाजताच रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मी फाटकाशी होते. गळ्यात किल्ली, आठवड्याच्या तीनांतली एक शिल्लक. बाई येताना दिसली. ठेवणीतलं निळं लुगडं नेसली होती, केस विंचरलेले. तिचा नंबर आला. फाटकाच्या वरून गार झोत येत होता. उन्हात पाऊण तास उभी राहिलेली माझी बहीण त्या झोताखाली आली, तिनं तोंड वर केलं आणि डोळे मिटले.

नारिंगी.

ती पडद्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. "काय म्हून रायलं हे?"

"शाळेत जा म्हणतंय."

"काऊन?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि लहानपणापासून तिला माझं तोंड वाचता यायचं.

"काय चुकलं माह्यं?"

"तू वर पाहिलंस, बाई."

"मंग? हवा वरून येते तं वर नाई पाह्यचं का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, ओळखीवाले घुसवता का आता? आमचे लेकरं रस्त्यावर हायेत!" दुकानदारांचा माणूस आतून बघत होता. मोजणीच्या फलकावर सतराशे शहाण्णव आकडा होता. रांगेत थोडं मागं एक पोटुशी पोरगी भिंतीला धरून उभी होती, तिला चाळण हिरवं देईल की नाही सांगता येत नव्हतं. माझा हात किल्लीवर गेला. आणि मी विचार केला. बहिणीसाठी विचार करायचा नसतो, पण मी केला. शाळेत दहा कूलर आहेत. बाई चालू शकते. ही शेवटची किल्ली. आणि हो, सगळे बघतायत, हेही होतं त्यात. ते नव्हतं असं मी कुणाला सांगणार नाही.

"शाळेत जा बाई," मी म्हटलं. "दहा कूलर आहेत तिथं. इथल्यापेक्षा गार. मी चारला येते."

तिनं माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली नाही. "हाव," म्हणाली. "जातो मी. कूलर असन तं काय, बरंच हाय." आणि पदर डोक्यावर घेऊन बाणाच्या दिशेनं निघाली.

पोटुशा पोरीला चाळणीनं आपणहून हिरवं दिलं. किल्ली माझ्या गळ्यात तशीच राहिली.

तीनच्या सुमारास मागच्या भिंतीशी पाय ओले झाले म्हणून मी खाली पाहिलं. हवेतला दमटपणा ज्या नळीतून गळतो ती नळी तिथं होती. एरवी थेंब थेंब गळायची. आज उघड्या नळासारखी धो धो वाहत होती, बादली भरून पाणी फरशीवर आलं होतं. मी त्या पाण्याकडे बघत उभी राहिले. एवढं पाणी आज हवेत आहे. इथं मशीन ते काढून टाकतंय. आणि शाळेतले दहा कूलर काय करतायत? पाण्यावरून हवा फिरवून त्यात आणखी पाणी घालतायत.

मला हे माहीत होतं. ओला पारा मला पाठ होता. बाराला माहीत होतं तेच तीनला माहीत होतं. पण कूलर गार करतो हे त्याहून आधीचं माहीत होतं, रक्तातलं.

दीड किलोमीटर मी पळत गेले की चालत, आठवत नाही. शाळेच्या मोठ्या वर्गाची दारंखिडक्या बंद होत्या, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. मी दार ढकललं. आतून वाफ आली, भात उतरवताना येते तशी. दहाच्या दहा कूलर पूर्ण जोरात चालू. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. तीनशे माणसं डोक्यावर ओली फडकी घेऊन बसलेली. आणि म्हाताऱ्या माणसांना मानानं पुढं, अगदी कूलरच्या तोंडाशी बसवलं होतं. मायेनं. ज्याची तब्येत नाजूक त्याला जास्त वारा.

बाई तिसऱ्या कूलरसमोर भिंतीला टेकून बसली होती, मान कलती. शेजारी बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "हळू बोला ताई. झोपली हाय बिचारी. मस्त हवा लागून रायली तिले."

मी हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि चिंब ओलं.

"दारं उघडा!" मी ओरडले. "कूलर बंद करा!"

"वेडी झाली का वो ही?" कुणीतरी म्हणालं. "एवढ्या गर्मीत कूलर बंद करा म्हून रायली."

मीच एकेक बटण बंद करत गेले. दोघांनी मला धरलं. तेवढ्यात चौथ्या कूलरपुढचे एक आजोबा बसल्या जागी आडवे झाले, तेव्हा त्यांनी मला सोडलं.

अकरा माणसं गेली. बाई त्यांत पहिली होती की सहावी, हे कुणी सांगू शकलं नाही.

चौकशी बसली. मॉलच्या मशीनमधली नोंद काढली. त्यात नलू हे नाव नव्हतं. त्यात होतं : अकरा वाजून सत्तावन्न मिनिटं, महिला, अंदाजे वय पंचावन्न ते पासष्ट, पर्यायी आश्रय सुचवला. नाकारलं असं कुठंच नव्हतं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "मशीननं त्यांना प्रवेश नाकारला का?"

"मशीननं नाही. मी."

"तुम्ही त्यांना आत येऊ नका म्हणालात?"

"शाळेत जा म्हणाले."

"म्हणजे सल्ला दिलात," ते म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. अहवालात मृत्यूचं कारण वय आणि जुने आजार असं आलं. शाळेचे कूलर काढले. नवा आश्रय बांधायचं ठरलं, अजून ठरलेलंच आहे. मेघमल्हारच्या खाराच्या टाक्या मात्र गाजल्या. बंद पडलेल्या मॉलांचे मालक बघायला आले. आज नऊ शहरांत असे मॉल आहेत, नवे रंग दिलेले, वास परत आलेला. नऊ शहरांच्या दारांवर चाळण आहे.

मी डोर्लीकरला म्हटलं, "माझी नजर पुसून टाका त्यातून."

"पुसता येत नाही, ताई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याच्या डोळ्यांचा राग आला. "तुमचं कुठलं आणि नंतर ते स्वतः शिकलं ते कुठलं, वेगळं करताच येत नाही. सगळं बंद करू का? सांगा. तुम्ही म्हणाल तर उद्या सकाळी टाक्या बंद करतो. दुपारी ते अठराशे लोक कुठं जातील तेवढं सांगा."

मी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. ज्यांच्याकडे ह्याचं उत्तर असायला हवं ते असल्या दुपारी ह्या शहरात नसतात.

आता मी बाईच्या खोलीत राहते. उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारीपासून, सकाळी वस्तीतल्या बाया माझ्याकडे येतात. मी त्यांना चालायला शिकवते. हसू नका. दोन दोऱ्या बांधून मी फाटक केलंय, पलीकडे खुर्चीवर एक साडी टाकलेली. या. थांबू नका. चप्पल पुसू नका. साडीकडे बघा, तिच्यात काहीतरी खोट काढल्यासारखं बघा. तळहातानं धरा. मळू दे, त्यांची आहे. पिशवी काखेत दाबू नका, लटकू द्या. तोंड वर करायचं नाही, काही झालं तरी नाही. ज्या खुणा मी वीस वर्षांत माझ्या अंगावरून पुसल्या त्या मी त्यांच्या अंगावरून दोन महिन्यांत पुसते. गेल्या वर्षी माझ्या चाळीस बायांपैकी एकतीस जणींना हिरवं लागलं.

मंदा कोवे नावाची एक आहे, पन्नाशीची, छातीचं दुखणं असलेली. तिला लवकर जमलं. मार्चच्या शेवटी एक दिवस ती दोरीतून मस्त रुबाबात आली, साडीत खोट काढली, सगळ्या हसल्या. मग ती थांबली.

"ताई, आतमंदी मानसं तं तेवढेच घेतात ना? अठराशे?"

"हाव."

"मंग मी आत गेली तं माह्या जागी कोन बाहीर राह्यल?"

मी साडीची घडी घालत होते, ती घालत राहिले.

"ते मले नाई माहीत," मी म्हटलं. "तुले रांगेत दिसंल. मागं वळून पाहू नको."

मे महिन्यात पहिला लाल इशारा आला. मी रस्त्याच्या पलीकडे पिंपळाखाली उभी राहिले. मंदा पुढं गेली, मान सरळ, पिशवी लटकती. हिरवं लागलं. ती आत गेली, पण दोन पावलांवर थांबली आणि मी नको म्हटलं होतं तरी मागं वळली.

तिच्या मागं एक म्हातारा होता, अंगात धुतलेला पांढरा सदरा, वरपर्यंत बटणं लावलेला. तो फाटकात आला, गार झोत लागला आणि त्यानं तोंड वर केलं.